हॅलस्टोच्या छपरावरचं पाऊल

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अ‍ॅव्हरिल हेम्ब्रोचा उजवा हात कोपरापर्यंत हॅलस्टो कोर्टच्या छपरात गेलेला होता. कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे सपाट छपराचं पाणी गोळा होऊन बाहेरच्या नळात उतरतं, तिथल्या शिशाच्या पेटीत डोमकावळ्यांनी घरट्यासाठी काड्या कोंबून ठेवल्या होत्या. दर मार्चमध्ये ते हेच करतात. अ‍ॅव्हरिल मूठ मूठ काड्या उपसून बादलीत टाकत होती आणि कठड्यावर बसलेल्या जोडीला ऐकवत होती, "बसा, बघत बसा. एवढी धुराडी रिकामी पडलीत, पण यांना माझीच पेटी हवी."

खाली बाग नव्हती. बाग होती, पण सॉमरसेटचं सकाळचं धुकं तिच्यावर बसलं होतं. घराचे तिन्ही मजलेही त्यात बुडाले होते आणि वर उरलं होतं ते फक्त छप्पर: भिंतींची त्रिकोणी टोकं, टोकांवरचे दगडी सुळके, तिरकी चौकोनी धुराडी आणि कोपऱ्यातली ती छोटी बुरुजी, जिच्यात चारशे वर्षांपूर्वी मालक मंडळी जेवण झाल्यावर साखरेची फळं खायला येऊन बसत. अशा वेळी हॅलस्टो कोर्ट जमिनीवर उभं आहे असं वाटत नाही. एखादं दगडी गलबत रात्रीतून निघून कुठेतरी पोचलंय आणि अजून कुणी उतरलेलं नाही, असं वाटतं.

अ‍ॅव्हरिलला असं काही वाटत असेल तर ती बोलत नाही. तिला हे घर पाण्यावरून कळतं. पाहुणे घराला समोरून पाहतात. मधाच्या रंगाचा हॅमच्या टेकडीचा दगड, ओला झाला की गुळासारखा होणारा. मधे पुढे आलेला दरवाजा, दोन्ही बाजूंना दोन हात पसरल्यासारखे भाग, आणि भिंतीपेक्षा जास्त जागा खाणाऱ्या खिडक्या, दगडी दांड्यांनी उभ्या-आडव्या कापलेल्या. अ‍ॅव्हरिल घराला वरून पाहते. पाणी कुठे पडतं, कुठे वळतं, कुठे अडतं. पुढच्या घराला मागे चिकटून नंतर कधीतरी दुसरं घर बांधलं गेलं, आणि दोन छपरांच्या मधे एक दरी राहिली. त्या दरीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. तेव्हाच्या कारागिरांनी सरळ माळ्यातून एक लाकडी चर नेला, आतून शिशानं मढवला, आणि पाणी घरातूनच पलीकडच्या भिंतीबाहेर काढलं. तो चर नोकराणींच्या झोपायच्या खोलीतून जातो, उघडा, उशाच्या उंचीवर. पाऊस लागला की त्या खोलीत ओढा वाहायचा.

ती खोली अ‍ॅव्हरिलच्या आईची होती. क्वीनी स्टकी लग्नाआधी इथल्या धुलाईघरात कामाला होती, आणि ओढ्याच्या आवाजाशिवाय झोप न येण्याची तिची खोड मरेपर्यंत गेली नाही. उन्हाळ्यात आपण त्या चरात दुधाची बाटली गार करत होतो, हे ती जरा आवाज खाली करून सांगायची, जणू घरमालकीणबाई अजून दाराआड उभ्या आहेत.

पेटी मोकळी झाली. अ‍ॅव्हरिलनं बादली उचलली, आणि रोजच्यासारखी ती लांब दालनावरच्या छपराशी येऊन थांबली.

हा भाग सगळ्यात मोठा. खाली घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारं दालन आहे, पावसात चालायला केलेलं. वर तेवढंच लांब शिशाचं छप्पर, लाकडी वरंब्यांनी पट्ट्या-पट्ट्यांत विभागलेलं. आणि या पट्ट्यांवर पावलं आहेत. जुन्या इंग्रजी घरांत हा रिवाज सगळीकडे आहे: शिसं मऊ असतं, त्यामुळे जो कुणी वर येतो तो आपला जोडा टेकवतो, खिळ्यानं भोवती रेघ मारतो आणि आत नावाची आद्याक्षरं कोरतो. कारागीर, घोडागाडीवाले, घरातली मुलं, पाहुणे. कुणाचं टोकदार, कुणाचं चौकोनी, कुणाच्या टाचेत नालसुद्धा काढलेली. सगळी माणसं जणू एखाद्या मिरवणुकीतून मधेच निघून गेली आणि पावलं तेवढी राहिली.

कडेच्या पट्टीत दोन जोडे शेजारी शेजारी आहेत, दोन्हींची बोटं वायव्येला. एक मोठा बूट: डब्ल्यू. सी., १९५४. एक लहान जोडा, अरुंद टाचेचा: क्यू. एस. साल नाही, पण ते वेगळं लिहायची गरज नव्हती.

त्या फेब्रुवारीत वादळानं शिशाचा पत्रा उचकटला होता आणि तो बसवायला विल्फ चब नावाचा कारागीर आला होता. स्वयंपाकघरातली मुलगी आजारी, म्हणून त्याचा चहा घेऊन क्वीनीला वर धाडलं. नोकराणींना छपरावर यायची परवानगी नव्हती. विल्फ म्हणाला, आलीच आहेस तर बघून जा. तिनं बघितलं. त्यानं तिचा जोडा काढून दिला, शेजारी स्वतःचा काढला. नंतर क्वीनीनं दुसऱ्याच माणसाशी लग्न केलं, वेताच्या टोपल्या विणणाऱ्याशी, आणि ती पुन्हा कधी छपरावर चढली नाही. पण इस्त्री करताना हमखास सांगायची, "अगं, मी तिथून समुद्र पाहिला. चकचकीत, सरळ रेघ. हॅलस्टोमधून समुद्र दिसतो हे कुणाला खरं वाटेल?"

अ‍ॅव्हरिलला इथे देखभालीचं काम लागलं तेव्हा आईनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं, "दिसतो का गं अजून?"

"दिसतो," अ‍ॅव्हरिल म्हणाली होती.

तो समुद्र नव्हता. हे तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. ती तिकडची सखल कुरणं होती. फेब्रुवारीत नद्या उतू जातात, मैलोन् मैल गवतावर पाणी साचतं आणि ढगांतून ऊन पडलं की रुप्याची पट्टी चमकते. आईला तिनं ते सांगितलं नाही. त्याऐवजी ती आईचं कोरलेलं पाऊल राखू लागली. दर वर्षी आईच्या वाढदिवसाला, एप्रिलच्या सुरुवातीला, तारेच्या ब्रशनं शेवाळ घासून काढायचं, मग खिळा घेऊन रेघ एकदा गिरवायची, टाचेपासून सुरू करून टाचेपर्यंत. आई गेल्यावरही. विल्फ चबच्या बुटाकडे तिनं कधी लक्ष दिलं नाही. तो शेवाळाखाली हिरवा होऊन पडून होता.

या वर्षी एप्रिल उजाडणार होता, पण पाऊल राहणार होतं की नाही हे ठरायचं होतं. लांब दालनाच्या छताला ओल आली होती. फेब्रुवारीत त्या छतावर गिलाव्यात घडवलेल्या मत्स्यकन्येच्या हातातला आरसा गळून खाली पडला. आरसा म्हणजे बशीएवढा गिलावा, पण तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा होता. त्याचे तुकडे अ‍ॅव्हरिलनंच ब्रशनं गोळा करून खोक्यात भरले. छपराचं शिसं उतरवून, वितळवून पुन्हा ओतायचं ठरलं.

जोन थर्लो या घराच्या वास्तुविशारद. काड्या उपसल्या त्याच सकाळी नऊच्या सुमारास त्या खडू घेऊन वर आल्या. उत्तरेकडचा भाग किडीतून वाचला तो त्यांच्यामुळे, आणि त्या कुणाला उगाच दुखावणाऱ्यातल्या नव्हेत.

"हा घोडागाडीवाला, अठराशे सत्तेचाळीसचा, कापून ठेवू," त्या वाकून म्हणाल्या. "या दोन मुलींचे जोडेही. खालच्या वाटेत भिंतीवर लावू."

"आणि नंतरची?"

"एकोणीसशेनंतरची सगळी भट्टीत. फोटो आहेत सगळ्यांचे. कुठेतरी थांबायला हवं ना, अ‍ॅव्हरिल? नाहीतर अर्धं छप्पर भिंतीवर येईल."

"खरंय."

"काही म्हणायचं होतं का तुम्हाला?"

"नाही. पायाखाली बघा, तिथे निसरडं आहे."

क्यू. एस. कोण, हे तिनं सांगितलं नाही. या घरात काम करणाऱ्यानं घरातल्या कशाला आपलं म्हणायचं नसतं, ना परड्यातल्या स्ट्रॉबेरीला, ना खिडकीतल्या जागेला. हे तिला क्वीनीनंच शिकवलं होतं. आणि खरोखरच, थर्लोबाईंचं चूक काय होतं?

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात घराभोवती लोखंडी परांची उभी राहिली. सगळ्या छपरावर दुसरं तात्पुरतं छप्पर चढलं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं. आत दुधात बुडाल्यासारखा उजेड पडायचा. सावल्या नव्हत्या, आकाश नव्हतं, धुराडी प्लॅस्टिकमधून वर निघून गेली होती आणि त्यांची नुसती बुडं दिसत होती. वारा आला की सगळं घर श्वास घेतल्यासारखं फुगायचं आणि बसायचं. आईचा वाढदिवस येऊन गेला होता. अ‍ॅव्हरिलनं या वर्षीही रेघ गिरवली होती, शेवटची म्हणून जरा जास्तच दाबून.

शिसेकाम करायला डेन्झिल पोपल आला. साठीला टेकलेला, रुंद, बोटं करडी पडलेली. त्याचा बाप याच धंद्यात होता आणि विल्फ चबला ओळखायचा. पहिल्याच दिवशी त्यानं अ‍ॅव्हरिलच्या हातात बादली बघून विचारलं, "बाईसाहेब, प्लॅस्टिकच्या आत पन्हळी साफ करताय? पाऊस कुठून येणार?"

"डोमकावळ्यांना प्लॅस्टिक कळत नाही."

"आमच्या पोरांनाही कळत नाही. सकाळीच एक जण आरपार गेला असता."

"बघितलं मी. त्याच्यापेक्षा डोमकावळे बरे. निदान खाली बघून चालतात."

डेन्झिल खो खो हसला. तेव्हापासून दहाच्या चहाला तो तिच्यासाठी एक मग जास्तीचा आणायला सांगू लागला.

कडेच्या पट्टीची पाळी आली त्या सकाळी ती मुद्दाम दूर होती, बुरुजीत झाडू घेऊन. डेन्झिलनंच हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. ही क्यू. एस. कोण? फार लाडाची दिसते."

"का बरं?"

"बाकीच्यांच्या रेघा बुजल्यात. हिची बघा, काल मारल्यासारखी. कुणीतरी दर वर्षी गिरवतंय."

"मी गिरवते," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "आई माझी."

डेन्झिल गुडघ्यावर बसला होता तसाच राहिला. अंगठ्याचं नख त्यानं रेघेत घातलं आणि टाचेपर्यंत फिरवत नेलं.

"कशानं?"

"खिळ्यानं. आधी तारेचा ब्रश, मग खिळा."

"तरीच," तो म्हणाला. मग हातातली हातोडी बाजूला ठेवून त्यानं आणि त्याच्या माणसानं वरंब्यावरून पत्र्याची कड सोडवली, आणि पत्रा उभा केला, प्लॅस्टिककडे तोंड करून.

करड्या शिशात उजेडाची एक बारीक कोर होती; रेघ तिथे आरपार फाटली होती. टाचेचा अर्धगोल, आणि तिथून तळव्याच्या आतल्या बाजूनं थोडं वर. आईच्या जोड्याचं मागचं अर्धं अंग पांढरं होऊन चमकत होतं. सुंदर दिसत होतं ते, हे नाकारता येणार नाही.

"शिशाला साय धरते," डेन्झिल शेवटी म्हणाला, आवाज जपून. "ही करडी. तीच त्याची कातडी. घासली की जाते, मग ते नवी धरतं, म्हणजे दर खेपेला थोडं झिजतं. त्यात खिळा. उन्हात पत्रा ताणतो, थंडीत आखडतो, आणि फाटायचंच झालं तर कुठून फाटावं याची वाट तुम्ही काढून ठेवलीत."

"आणि तो?" तिनं मोठ्या बुटाकडे बोट दाखवलं.

"विल्फ? त्याला कुणी विचारलंच नाही. शेवाळ पांघरून झोपलेला. ठणठणीत आहे."

पत्र्याखालची फळी काळी पडली होती. फळीखाली लाकडी पट्ट्या, पट्ट्यांखाली गिलावा, गिलाव्यात मत्स्यकन्या. अ‍ॅव्हरिलला ते मोजून बघायची गरज नव्हती. तरी ती खाली लांब दालनात गेली. तिथे झडपा बंद होत्या, फर्निचरवर चादरी टाकलेल्या, आणि त्या अर्ध्या अंधारात दालन मूळ लांबीहून लांब दिसत होतं. छतावरच्या डाळिंबांच्या वेलीतून नजर चालवत ती मत्स्यकन्येपर्यंत आली. एका हातात कंगवा तसाच होता. दुसरा हात रिकामा, तरी ती त्याच्याकडेच बघत होती. ओलीचा डाग तिच्या मनगटापासून सुरू होत होता.

ती वर परत आली तेव्हा डेन्झिल चहा ढवळत होता.

"मी कुणाला सांगणार नाहीये," तो म्हणाला. "पत्रे मुळातच जास्त लांब होते. आज ना उद्या कुठूनतरी गेलेच असते."

"उद्या गेले असते. आरसा आज गेला. थर्लोबाईंना मी सांगते."

तिनं सांगितलं, त्याच दुपारी, कोठीच्या दाराशी उभं राहून. थर्लोबाई म्हणाल्या, "छपराच्या शिशाला ब्रश-खिळा लावायचा नसतो, हे तुम्हाला आम्ही कुणीतरी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं मी तुमच्या पन्हळींचंच कौतुक करत आलेय." आणि जाता जाता: "तुमच्या आईचं आहे हे मला माहीत नव्हतं. तुकडा हवा असेल तर घ्या. पोपल कापून देतील."

आता नाही म्हणायला कुणी उरलं नव्हतं. ठरवायचं होतं ते तिलाच.

घरी लेन, तिचा नवरा, जेवणाच्या टेबलाशी बसून भिंतींकडे बघू लागला. तो एकेकाळी टपाल वाटायचा आणि भिंतीवर काहीही लावायचं म्हटलं की त्याला हुरूप येतो.

"किटलीच्या वर लावू."

"वाफ लागेल."

"मग जिन्यात."

"जिन्यात? आई काय भिंत चढून चालली?"

"तुझी आई चढलीही असती. लग्नात माझ्या बापाच्या अंगावर चढून आली होती, केक कमी पडला म्हणून."

अ‍ॅव्हरिल हसली आणि बशीतलं चेडर चीज कापत राहिली. मग म्हणाली, "तिथे ते पाऊल कुठेतरी बघत होतं, लेन. इथे छताकडे बघणार."

"मग आडवं ठेवू. टेबलावर."

"आणि मी ते घासणार."

लेननं यावर जरा विचार केला. "घासशीलच," तो म्हणाला. "माझी बागेतली टोपीसुद्धा तू सोडली नाहीस. अर्धी झाली बिचारी."

रात्री खिडकीबाहेर पाऊस लागला. तिला झोप लागली ती पन्हळीचा आवाज ऐकत.

दुसऱ्या दिवशी डेन्झिलच्या हातात कापायची सुरी तयार होती. पत्रा मचाणावर आडवा पडला होता.

"गोल कापू की चौकोनी?"

"कापू नका. जाऊ दे भट्टीत."

"नक्की? मागाहून रडारड नको. एकदा वितळलं की परत आणायला मी काही देव नाही."

"हे शिसं परत इथेच येणार ना?"

"इथेच. माझ्याकडे दुसऱ्याचं शिसं मी मिसळत नाही. तुमच्याच छपराचं, तुमच्याच छपराला. आणि हेसुद्धा काही पहिल्यांदा नाही. घर बांधलं तेव्हा हेच होतं; कुणी दोनदा वितळवलंय, कुणी तीनदा. तुमच्या आईच्या टाचेखाली कुणाकुणाच्या टाचा गेल्यात, काय माहीत."

"मग तिलाही जाऊ दे त्यांच्यात."

डेन्झिलनं सुरी मिटली. "विल्फचं काय करू?"

"तो कुठे जातो एकटा? त्यालाही टाका."

डेन्झिलचं आवार येऑव्हिलच्या वाटेवर आहे, पत्र्याची एक लांब शेड. ओतायच्या दिवशी त्यानं तिला बोलावलं. ती गेली, दाराजवळच्या बाकावर बसली. गुंडाळी केलेले पत्रे कढईत सोडत होते. आईचा पत्रा कुठला हे तिला ओळखता आलं. टाचेची कोर बाहेरच्या बाजूला होती. तो उभा राहिला, कढईच्या काठाला टेकला, मग गुडघ्यात वाकल्यासारखा वाकला आणि आत गेला. ज्वाळा नाही, आवाज नाही. वर साय आली, एकानं पळीनं ती बाजूला केली, आणि खाली आरसा होता, इतका लख्ख की त्यात शेडचे वासे दिसत होते.

मग दोघांनी तो रस ओलसर वाळूच्या वाफ्यावर ओतला आणि आडव्या फळीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. वाळूवरून रुप्याची पट्टी सरकत गेली आणि थांबली. काही क्षण ती चकचकीत होती. सखल कुरणांवर ऊन पडतं तेव्हा दिसते तशी. मग कडेपासून ती मंद होत होत करडी झाली.

"समुद्र," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चहा कुठे मिळतो इथे?"

नोव्हेंबरात प्लॅस्टिक उतरलं. घर पुन्हा आकाशाखाली आलं. धुराडी आपापल्या जागी, सुळके सुळक्यांच्या जागी. लांब दालनावरचं नवं छप्पर अजून फिकट होतं, निळसर, वरंबे सरळ आणि कोरे. घोडागाडीवाला आणि त्या दोन मुली खालच्या वाटेत भिंतीवर लागल्या होत्या. बाकी सगळे गेले होते, किंवा सगळे इथेच होते; दोन्ही म्हणता येईल. मत्स्यकन्येला नवा आरसा मिळाला. तो जरा जास्त गुळगुळीत दिसतो. थर्लोबाई म्हणतात, मुरेल.

डेन्झिल हत्यारं बांधत होता. कडेच्या पट्टीशी येऊन तो थांबला.

"रिवाज आहे," तो म्हणाला. "कोऱ्या छपरावरून कुणी तसंच जात नाही. या, जोडा टेकवा."

"माझा नको. फार मोठा आहे."

"शिसं तक्रार करत नाही."

तिनं बादली खाली ठेवली. कामाचा रबरी तळाचा जोडा, उजवा. तिनं तो वायव्येला ठेवला आणि जरा सरकवून नीट केला. डेन्झिलनं खिळा काढला नाही. खिशातून लाकडाची बोथट काडी काढली आणि भोवती फिरवली. रेघ उमटली तरी कापली नाही. बोट फिरवलं तर जेमतेम लागावी एवढीच.

"अक्षरं?"

"ए. एच. साल तुम्ही घाला."

त्यानं शेजारी आपलाही बूट टेकवला आणि तिच्याकडे बघितलं. "चालेल ना? नाहीतर लेन मला घरी जाऊ द्यायचा नाही."

"तो म्हणेल, याला किटलीच्या वर लावा."

डेन्झिल उठला, गुडघे चोळले, कठड्यावर हात टेकून लांब बघू लागला. आठवडाभर पाऊस झाला होता. आकाश वायव्येला फाटलं होतं आणि तिकडे, कुरणं जिथे संपतात तिथे, एक चकचकीत सरळ रेघ होती.

"अरे," तो म्हणाला, "इथून समुद्र दिसतो?"

अ‍ॅव्हरिलनं बादली उचलली.

"दिसतो," ती म्हणाली.

तारेचा ब्रश तिनं उन्हाळ्यातच थर्लोबाईंच्या हवाली केला होता. त्याच्या जागी कोठीत आता मऊ केसांचा झाडू टांगलेला असतो, दांड्यावर 'फक्त पानं' असं लिहिलेला. उद्या मंगळवार. मंगळवारी हॅलस्टो कोर्ट पाहुण्यांना बंद असतं; पन्हळी मात्र साफ होतात, सातपासून, आधी माळ्यातला चर, मग दरी, मग कोपऱ्यातल्या पेट्या, आणि नऊच्या आत छपराच्या दाराची किल्ली कोठीतल्या खिळ्यावर परत लागते.